खाऱ्या पाण्यावरच्या आठ पाळ्या

आपलं कोपरगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम वीस अंशांवर आहे. केपटाऊनहून रिओ द जानेरोकडे निघालेली शिडाची नाव अर्धी वाट तोडते, तेव्हा तीही साधारण वीस अंशांवर असते, पण दक्षिणेला. जानेवारीत आपल्याकडे गाळप हंगाम भरात असतो आणि पहाटे शाल पांघरावी लागते; तिकडे तेव्हा भर उन्हाळा. ही वाट ग्रीनिचची मूळ रेखा ओलांडून जाते. म्हणून इथे नावेवरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेला लावलेलं धरलं आहे. कोपरगावचं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे.

केप टू रिओ ही शर्यत १९७१ पासून चालत आली आहे. अंतर सुमारे ३,६०० सागरी मैल, म्हणजे साडेसहा हजारांहून जास्त किलोमीटर, आणि वाटेत थांबा नाही. २ जानेवारी २०२३ रोजी सुटलेल्या शर्यतीत आपल्या नौदलाची ‘आयएनएसव्ही तारिणी’ होती. ५६ फूट लांबीची, २५ मीटर उंच डोलकाठीची ही नाव गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली. १७ नोव्हेंबर २०२२ ला ती गोव्याहून निघाली, आधी केपटाऊनला पोचली, मग शर्यतीत उतरली आणि २४ मे २०२३ ला, १८८ दिवसांनी, गोव्याला परतली. नावेवर सहा जण. त्यांतल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. नौदलाच्या पुरवठा विभागातल्या आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. शस्त्रास्त्रांची तपासणी करणाऱ्या शाखेतल्या. दोघींनाही नौदलानेच पाठवलं होतं हे खरं, पण शीड हे काही त्यांचं रोजचं नेमलेलं काम नव्हे. ते त्या हौसेने शिकल्या, आणि इतक्या शिकल्या की २०२४-२५ मध्ये दोघींनीच याच तारिणीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

मला कुतूहल आहे ते अशा माणसांच्या दिवसाचं. बातमीत सुरुवात येते, निकाल येतो. मधले वीस-बावीस दिवस येत नाहीत. शर्यत मात्र त्या मधल्या दिवसांतच जिंकली किंवा हरली जाते. पुढचा दिवस कुठल्या एका तारखेचा नाही. सहा माणसांची शर्यतीतली नाव दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर कसा दिवस काढते, ते यात मांडलं आहे.

पहाटे तीन

सहा जणांच्या तीन जोड्या. तीन तास काम, सहा तास मोकळे. दिवसाच्या पाळ्या आठ आणि जोड्या तीन, त्यामुळे कुणालाच रोज तीच वेळ येत नाही; आज पहाटे तीनची मिळालेल्या जोडीला उद्या सकाळी सहाची. कारखान्यात पाळी करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. हंगामात गव्हाणीत ऊस पडत राहतो, मिल थांबत नाही, फक्त माणसं बदलतात. नावेवरही तेच. वारा रात्रीची सुट्टी घेत नाही आणि शर्यतीतला दुसरा गडीही घेत नाही.

पाळीच्या पंधरा मिनिटं आधी उठवायचं, हा धर्म. उशिरा येणारा दुसऱ्याची झोप खातो, आणि नावेवर झोपेइतकं मोलाचं काही नाही. अंधारात कपडे चढवायचे, फुगणारं जीवरक्षक जाकीट घालायचं, आणि डेकवर पाऊल टाकण्याआधी कमरेच्या पट्ट्याचा हूक डेकवरच्या दोरीत अडकवायचा. आधी हूक, मग पाऊल. मागून वारा घेऊन पळणारी नाव वळवून परत आणायला बराच वेळ लागतो. तोवर रात्रीच्या लाटांत माणसाचं डोकं सापडणं जवळपास अशक्य.

मग ताबा घ्यायचा. उतरणारी जोडी सांगते: दिशा अमुक, वारा तमुक नॉट (म्हणजे तासाला तितके सागरी मैल), शीड कोणतं लावलंय, कुठला दोर कुरकुरतोय, कोणत्या बाजूला जहाजाचा दिवा दिसला होता. डोळे अंधाराला सरावेपर्यंत ते तिथेच थांबतात. एक जण सुकाणू धरतो, दुसरा शिडाचा दोर. तासाभराने अदलाबदल, कारण मागच्या वाऱ्यावर मोठं फुगीर शीड, म्हणजे स्पिनेकर, लावलेला असताना सुकाणूवर तासापेक्षा जास्त वेळ लक्ष टिकत नाही. होकायंत्राच्या आकड्याकडे सतत पाहिलं की डोळे पेंगतात; म्हणून एखादा तारा डोलकाठीच्या कडेला धरून ठेवतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी नवा निवडतात.

आणि काय ते आकाश! कोपरगावातून अगस्ती थंडीत दक्षिणेला खालीच दिसतो, त्रिशंकू तर उन्हाळ्याच्या रात्री क्षितिजापासून थोडासा वर येतो. इथे त्रिशंकू पहाटे चांगला वर चढलेला असतो. मृग नक्षत्र आपल्या सवयीच्या उलट, डोकं खाली करून मावळतीकडे झुकलेलं.

सकाळी सहा

साडेसहाच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम सुरू होतं. ते दिसायला इतकं साधं आहे की कुणी त्याचा फोटो काढणार नाही: नावेवरचा प्रत्येक दोर हाताखालून घालायचा.

समुद्रात नाव वादळाने मोडते असं आपण धरतो. लांबच्या शर्यतीत त्याहून जास्त नावांना घासण्याने मागे टाकलं आहे. स्पिनेकर वर ओढून धरणारा दोर डोलकाठीच्या टोकाशी एका कप्पीवरून जातो. नाव डुलते तसा तो बोटभर पुढे, बोटभर मागे सरकतो. एका रात्रीत असं हजारो वेळा. वरचं विणलेलं आवरण आधी केसाळ होतं, मग पांढरे धागे दिसतात, मग एका लाटेला दोर तुटतो आणि अख्खं शीड पाण्यात. म्हणून रोज सकाळी दोर हातभर उतरवून झिजलेली जागा कप्पीपासून बाजूला घ्यायची, टोकाचा तुकडा कापून नव्याने बांधायचा. डेकवर कुठे एखादी पिन पडलेली सापडली, तर ती कुठून निसटली हे कळल्याशिवाय न्याहारी नाही. गरज वाटली तर एकाला पट्ट्याच्या झोळीत बसवून २५ मीटर वर चढवतात. खाली नाव हातभर कलली की वर माणूस पाच-सहा मीटरचा झोका घेतो. तो दोन्ही पायांनी डोलकाठीला विळखा घालून बसतो आणि एका हाताने काम करतो.

रात्री उडून डेकवर पडलेले उडते मासे याच वेळी गोळा करून समुद्रात टाकतात, नाहीतर दुपारपर्यंत वास सुटतो.

न्याहारीला पोहे किंवा उपमा. शेगडी दोन बाजूंनी टांगलेली असते, त्यामुळे नाव कलली तरी भांडं सपाट राहतं. चहा ओतणारा मात्र कललेलाच असतो. तो कमरेला पट्टा बांधून स्वतःला ओट्याशी अडकवून घेतो. अशा सफरींना म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचं तयार जेवणही बरोबर दिलं जातं, पण आठवड्यानंतर माणसाला फोडणीचा वास हवासा वाटतो.

नऊ

आता शर्यतीचा खरा डाव. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध, साधारण तिसाव्या अक्षांशाच्या आसपास, उन्हाळ्यात हवेच्या जास्त दाबाचं एक मोठं क्षेत्र बसलेलं असतं. वारे त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. केपटाऊन ते रिओ नकाशावर सरळ रेघ मारली, तर ती या क्षेत्राच्या पोटाजवळून जाते, आणि पोटात वारा नसतो. सरळ जाणारा तिथे अडकतो, शिडं लोंबतात आणि दिवसचे दिवस वाया जातात. म्हणून नावा आधी वायव्येला चढतात, थंड बेंग्वेला प्रवाहाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर जात आग्नेय व्यापारी वारे गाठतात आणि मग त्या वाऱ्यांवर पश्चिमेला पळतात. वाट लांबते, वेळ वाचतो.

किती लांबवायची हाच प्रश्न. दाबाचं क्षेत्र एका जागी राहत नाही. रोज थोडं सरकतं, फुगतं, आक्रसतं. उपग्रहावरून आलेला वाऱ्याचा अंदाज संगणकावर उघडतात आणि कप्तान व दिशा सांभाळणारा तासभर त्यावर झुकलेले असतात. आणखी साठ मैल उत्तरेला गेलो तर वारा चार नॉटने वाढेल, पण साठ मैल जास्त चालावं लागेल. अंदाज तीन दिवसांपलीकडे फारसा भरवशाचा नसतो. निर्णय मात्र पाच दिवसांचा घ्यावा लागतो.

इथे बाहेरून कुणी सल्ला देऊ शकत नाही. शिडाच्या शर्यतींच्या जागतिक नियमावलीतला ४१ वा नियम बाहेरच्या मदतीवर बंधन घालतो. सर्वांना खुली असलेली माहिती चालते, खास आपल्यासाठी कुणी बसून काढलेला मार्ग चालत नाही. ४२ वा नियम सांगतो की पुढे जायचं ते वारा आणि पाणी यांच्याच जोरावर. इंजिन बॅटऱ्या भरण्यापुरतं चालवायचं, पंख्याला जोडायचं नाही.

मला या दोन नियमांबद्दल फार आदर वाटतो. तीन हजार मैलांच्या पाण्यावर तपासायला कुणी नसतं. तरीही माणसं नियम पाळतात, कारण त्याशिवाय जिंकण्याला काही अर्थच उरणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

दुपारी एक

नावेच्या जागेवरचा खरा मध्यान्ह ग्रीनिचच्या एकच्या सुमाराला होतो. कोपरगावात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. जानेवारीच्या मध्याला सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोलकाठीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते. कोपरगावला ही शून्य सावली मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मिळते.

चोवीस तासांची मजल मोजायची ही वेळ. सात नॉटची सरासरी असली तर १६८ सागरी मैल, म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर. आकडा नोंदवहीत जातो आणि दिवसभराचा मूड त्यावर ठरतो.

पोटात, म्हणजे डेकच्या खाली, या वेळी भट्टी असते. झोपायची पाळी असलेला घामाने भिजून पडून राहतो. बिछान्याच्या कडेला कापडी पडदा ताणून बांधलेला, नाव कलली की खाली पडू नये म्हणून. आंघोळ समुद्राच्या बादलीने, शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने मीठ धुवायचं. ते मीठ राहिलं तर पट्ट्याच्या आणि कोपराच्या जागी फोड येतात आणि चिघळतात. गोडं पाणी यंत्राने समुद्राच्या पाण्यातूनच काढतात, पण यंत्राचा भरवसा किती धरायचा हे खलाशी जाणतात. उन्हाळ्यात गोदावरीच्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या आपल्या गावाला हा हिशेब नवा नाही. पिण्याचं वेगळं, धुण्याचं वेगळं आणि हात सुटा सोडायचा नाही.

तीन

दुपारची पाळी शिवणकामाची. स्पिनेकरचं कापड पातळ नायलॉनचं. बोटभर फाटलेलं संध्याकाळपर्यंत हातभर होतं. तळव्यावर चामड्याचा पट्टा चढवून जाड सुईने शिवायचं, वर चिकटपट्टी मारायची. आधी मीठ पुसून कापड कोरडं करायचं, नाहीतर पट्टी धरत नाही.

हे हाताचं काम पाहिलं की मला मुंबईची ‘सुहेली’ आठवते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण व्यापारी जहाजावर अधिकारी होता. १९६० च्या दशकात त्याने मुंबईत कुलाब्याच्या कारखान्यात ३२ फुटांची सागवानी नाव बांधून घेतली. आपल्या सुतारांनी हातांच्या अवजारांनी तासलेली ती सुहेली. १४ जून १९६८ ला तो तिच्यातून इंग्लंडच्या फालमथहून एकटा निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून परतला. ही फेरी म्हणजे एक शर्यतच होती; नऊ जण तिच्यात उतरले होते. पूर्ण करणारा तो एकटा. आणि १९७१ ची पहिली केप टू रिओ? तिच्यात रेषेवर सर्वांत आधी पोचलेल्या ‘ओशन स्पिरिट’वर लेस्ली विल्यम्सबरोबर हाच नॉक्स-जॉन्स्टन होता.

पुढचा धागा आपल्याकडे येतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिले. समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेतला तो मुलूख आपल्यासारखाच. तिथे बसून या माणसाने ध्यास घेतला की भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नावेतून एकट्याने जगाची फेरी मारायची. त्यासाठी नौदलातून पुढे आले कमांडर दिलीप दोंदे, पेशाने पाणबुडे. त्यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याबरोबर काम करून धडे घेतले. नाव बांधायला पुढे झाले दांडेकर. अशी नाव त्यांनी त्याआधी बांधली नव्हती. ती ‘म्हादेई’ फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली, १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. म्हादेईही पुढे केप टू रिओत उतरली. तारिणी तिची धाकटी बहीण. आवटी ४ नोव्हेंबर २०१८ ला विंचुर्णीतच गेले. कोपरगावच्या एखाद्या पोराला समुद्र आपला वाटत नसेल, तर त्याला आधी या विंचुर्णीच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगावी.

संध्याकाळी सहा

दिवसातून एकदाच सहाही जण जागे असतात ते आता. खिचडी, लोणचं, पापड शिल्लक असला तर पापड. कप्तान उद्याचा बेत सांगतो. एखाद्याची तक्रार असेल तर ती इथे, सर्वांसमोर बोलायची. ५६ फुटांच्या नावेवर मनात ठेवलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी नासते आणि तिचा परिणाम दोर ओढताना दिसतो.

इतर नावांच्या जागाही कळतात. आपल्यापेक्षा मोठी नाव दोनशे मैल पुढे असली तरी हातपाय गाळायचं कारण नाही. अशा शर्यतीत दोन मान असतात: रेषा आधी ओलांडणाऱ्याचा एक, आणि नावेची लांबी, वजन, शिडं यांचा हिशेब धरून वेळ सुधारल्यावर जिंकणाऱ्याचा दुसरा. हौशी माणसाला पैशाच्या जोरावर बांधलेल्या वेगवान नावेशी स्पर्धा करता येते ती या दुसऱ्या हिशेबामुळे.

पण पाठलाग करताना एक गोष्ट विसरायची नसते. नियमावलीतला पहिलाच नियम आहे संकटातल्याला शक्य ती सर्व मदत करण्याचा. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले खलाशी अभिलाष टॉमी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात सापडले, पाठीला जबर दुखापत झाली, ते बिछान्यावरून हलू शकेनात. त्यांची नाव ‘तुरिया’ सुहेलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली. त्याच वादळात शर्यतीतल्याच आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनच्या नावेच्या डोलकाठ्या मोडल्या होत्या. तरी त्याने तात्पुरतं शीड उभारून नाव टॉमींकडे वळवली. शेवटी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने २४ सप्टेंबरला टॉमींना उचललं आणि नंतर मॅकगकिनलाही. टॉमी बरे झाले आणि २०२३ मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले.

रात्री नऊ ते बारा

साडेसातच्या सुमाराला सूर्य बुडतो. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात रात्री मागून ढग येतात. ताऱ्यांचा एक तुकडा पुसला गेला की समजायचं, ढग आला. रडारवर ठिपका दिसतो. त्याच्या पुढच्या काठाला वारा पाहता पाहता पंधरा नॉटवरून तीसवर जातो आणि पाऊस आडवा येतो.

सुकाणूवरची जोडी हाक देते. झोपलेले चौघंही वर येतात, हूक अडकवून. कुणी दिवा लावत नाही. एका झगझगीत दिव्याने सर्वांचे डोळे पंधरा मिनिटं निकामी होतात. एक जण नाव जास्त वाऱ्याखाली घेतो, म्हणजे मुख्य शिडाच्या आडोशाला स्पिनेकर जरा सैलावतो. दुसरा कोपऱ्याचा दोर सोडतो. तिसरा आणि चौथा डेकच्या पुढच्या भागात गुडघ्यांवर बसून, शिडावर चढवलेली लांब कापडी बाही खाली खेचतात आणि ते अवाढव्य कापड आवळत जातं. पाचवा वरचा दोर सोडतो, पण हात राखून, कारण एकदम सुटला तर शीड पाण्यात जाऊन नावेखाली अडकेल. सहावा कापड कवेत घेऊन दारातून खाली कोंबतो. बोलणं अगदी थोडं: धर, सोड, थांब, झालं.

ढग वीस मिनिटांत निघून जातो. वारा पुन्हा पंधरावर येतो. सगळे भिजलेले, दोन जणांचे तळवे दोराने सोललेले. आता स्पिनेकर पुन्हा लावायचा की सकाळपर्यंत लहान शिडावर चालायचं? लहान शीड सुरक्षित, झोपही मिळेल. पण तासाला दीड मैल कमी, आणि सकाळ व्हायला सात तास आहेत. दहा मैल गेले. मागे आणखी ढग आहेत का, हे कप्तान रडारवर बघतो. एक आहे, पण तो उत्तरेकडून निघून जाईल असं दिसतं. तो बाकीच्यांचे चेहरे अंधारात बघू शकत नाही, म्हणून प्रत्येकाला नावाने विचारतो. पाचही जण हो म्हणतात. मग शीड गुंडाळीतून सोडवून, दोर बरोबर बाजूने गेलेत का ते हाताने चाचपून, सगळे पुन्हा पुढे सरकतात आणि वर ओढायला घेतात.